सरासरी दीड

पानमळ्याच्या माणसांनी पाच वर्षांत हवेत सोडलेला कार्बन अकरा पटींनी वाढवला आहे, असं दिल्लीचं पत्र आलं तेव्हा सारिका तोडकर एका बाळाचा जन्मदाखला लॅमिनेट करत होती. ऑक्टोबर २०४१ मधला सोमवार होता. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली.

पानमळे नगरपंचायतीत जन्म-मृत्यू नोंद आणि हवामान कक्ष ही दोन्ही टेबलं सारिकाकडेच होती. म्हणजे टेबल एकच, पाट्या दोन. दाखला हवा असेल तर माणूस डावीकडे उभा राहायचा. हवेबद्दल विचारायला आजवर कोणी आलंच नव्हतं, त्यामुळे उजवीकडे लॅमिनेशनचं मशीन ठेवलं होतं.

तिनं पत्र तीनदा वाचलं आणि मदत क्रमांक लावला.

"नमस्कार, मी हवासखी. तुमची काळजी मी समजू शकते."

"काळजी नाही बाई, चूक आहे. अकरा पट कसा वाढेल? पाच वर्षांत गावात एक नवी रिक्षा आली, ती पण बॅटरीवरची."

"आपण 'रिक्षा' असे म्हणालात. रिक्षा अनुदानासाठी एक म्हणा."

सारिकानं फोन ठेवला. हवासखी यंत्र होतं, पण बोलायची अशी गोड की रागावलो तर आपल्यालाच अपराधी वाटावं.

पत्रात पुढं लिहिलं होतं, की नगरपंचायतीनं ही वाढ शुक्रवारपर्यंत मान्य करावी आणि त्यानंतर पंधरा दिवसांत हद्दीतली चिमणी असलेली प्रत्येक जागा बंद करावी. खाली यादी जोडली होती. पानमळ्यात चिमण्या नऊ, आणि नऊच्या नऊ चुरमुऱ्याच्या भट्ट्यांच्या. यादीत पहिलं नाव होतं विमल रामचंद्र तोडकर. म्हणजे आक्का. सारिकाची थोरली, माहेरीच राहिलेली नणंद.

ही वाढ पकडली ती 'नाकाडा'नं. सरकारी कागदात त्याचं नाव मोठं लांबलचक होतं, पण पाण्याच्या टाकीशेजारी तो उंच, टोकाला बाक असलेला मनोरा उभा राहिला त्याच दिवशी गावानं त्याचं बारसं उरकलं.

नाकाडाचं काम समजायला सोपं आहे, करायला फार अवघड. आभाळाच्या वरच्या थरात अवकाशातून येणारे किरण आदळतात आणि एक वेगळ्या जातीचा, थोडा जड कार्बन तयार होतो, त्याला कार्बन-चौदा म्हणतात. एक लाख कोटी साध्या कार्बनमध्ये हा एखादाच. झाडं हवा घेतात, तिच्यासोबत तोही घेतात. झाड मेलं की नवा येणं थांबतं, आणि आत असलेला पावणेसहा हजार वर्षांत निम्मा होतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडलेलं. त्यात तो औषधालाही उरलेला नसतो. म्हणजे धुरात कार्बन-चौदा सापडला तर तो ताजा धूर, कालपरवाच्या झाडाचा; पुढचं पीक तो परत घेईल. नाही सापडला तर जुना धूर, पाताळातून उकरून काढलेला, हवेत कायमची भर घालणारा. पूर्वी ही मोजणी करायला खोलीभर यंत्र आणि दोन महिने लागत. मग कोणीतरी लेझरनं ती क्षणात करायची युक्ती शोधली, आणि गावोगावी नाकाडं उभी राहिली. देशानं जगाला शब्द दिला होता, की जुना धूर दहा वर्षांत निम्मा करू. तो शब्द राज्यांत वाटला, राज्यांनी नगरपालिकांत वाटला, आणि पानमळ्याच्या वाट्याला आला तो तुकडा सारिकाच्या टेबलावर, लॅमिनेशनच्या मशीनखाली.

आता निम्मा करायचा तर आधी किती होता ते माहीत पाहिजे. तो आकडा २०३६ सालच्या घरोघरच्या पाहणीतून घेतला होता. पानमळ्याचा आकडा होता दर कुटुंबी दररोज दीड किलो. नाकाड आता म्हणत होतं सतरा.

दीड किलो. सारिका त्या आकड्याकडे बघत राहिली. आठवी पास माणसाला कळेल की घरात एक गॅसची शेगडी आणि विजेचे चार दिवे असले तरी दीड किलोत भागत नाही. मग हा दीड आला कुठून? पाहणी तर तिनंच केली होती. तिनं आणि पाणीपट्टीच्या दोन बायकांनी.

जुन्या अर्जांच्या प्रती निघाल्या. पहिलाच अर्ज उघडला आणि तिचा हात जागीच थांबला.

प्रश्न सहावा. 'कुटुंबातील प्रतिव्यक्ती दररोजचे सरासरी उत्सर्जन (संख्येत).' उत्तर: एक. शेऱ्याच्या रकान्यात, तिच्याच अक्षरात: 'आजोबांना बद्धकोष्ठ, दिवसाआड.'

दुसरा अर्ज. उत्तर: दोन. शेरा: 'सकाळी चहानंतर लगेच.'

तिसरा. 'पाहुणे आल्यास सांगता येत नाही.'

सारिकानं डोळे मिटून घेतले. तिला सगळं आठवलं. पदराआड हसणाऱ्या बायका, 'सरकारला आता हे पण पाहिजे का' म्हणून चिडलेले पुरुष, आणि 'सांगा की, लाजायचं काय त्यात' म्हणत पेन सरसावून बसलेली ती.

यात तिचा तरी काय दोष? शाळेत पाचवा धडा श्वसनसंस्था, सहावा उत्सर्जनसंस्था. मूत्रपिंडाची आकृती तिनं रंगीत खडूनं काढलेली. पुढं नोकरीच्या पहिल्या वर्षी ती गुड मॉर्निंग पथकात होती. पहाटे शिट्टी घेऊन ओढ्याकाठी जायचं, लोटा घेऊन बसलेल्यांना उठवायचं, फुलं देऊन लाजवायचं. त्यानंतर दहा वर्षं कुणाच्या घरी संडास आहे, कुणी वापरतं, कुणी त्यात सरपण ठेवतं, हेच मोजण्यात गेली. अशा बाईला सरकारनं एक दिवस कागद दिला आणि म्हटलं, उत्सर्जन मोजून आण. तिनं आणलं. प्रामाणिकपणे, वयस्कर माणसांचे वेगळे शेरे लिहून.

आणि दिल्लीच्या यंत्रानं 'संख्येत'च्या पुढं 'किलो' घालून घेतलं, 'प्रतिव्यक्ती' कुटुंबाच्या नावावर टाकलं, आणि पानमळ्याला 'निर्मळ श्वासाचं शहर' म्हणून ताम्रपट दिला.

ताम्रपट नगराध्यक्षांच्या खुर्चीमागं लटकत होता. त्याखाली बापूसाहेब मगदूम बसले होते. सारिकानं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"म्हणजे हे बक्षीस," त्यांनी मागं न वळता अंगठा दाखवला, "संडासाचं?"

"तसंच म्हणायचं, बापूसाहेब."

"हे मी दिल्लीत जाऊन घेतलंय. फेटा बांधून."

"मला माहिती आहे. मी होते की सोबत."

"भाषण केलं मी. 'आमच्या पूर्वजांपासून आम्ही संयमी' म्हटलं." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "टोडकर बाई, कुणाला सांगितलंय का?"

"तोडकर. नाही, अजून नाही."

"मग सांगायचं पण नाही. शुक्रवारी सही करून टाका. भट्ट्या काय, आज ना उद्या जायच्याच होत्या."

सारिका उठली. बापूसाहेब सतरा वर्षं तिला ओळखत होते आणि सतरा वर्षं आडनाव चुकवत होते. त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे आधी आडनावापासून सुरुवात.

तिनं मुंबईला फोन लावला. पानमळ्याचं नाव चांगलं निघाल्यावर गावाच्या नावानं हरित रोखे निघाले होते. म्हणजे दूरच्या कुठल्या कुठल्या पेन्शन फंडांनी गावाला स्वस्तात पैसा दिला होता. त्यातून दोन बसगाड्या आल्या, शाळेवर सौरपत्रे बसले. अट एकच होती, की धूर कमी होत गेला पाहिजे. वाढला तर दुरुस्ती कलम लागू, चिमण्या बंद. हे सगळं बघणारे नाडगौडा नावाचे अधिकारी होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. फार शांतपणे.

"मॅडम, एक विचारू? तुम्हाला हे आज कळलं?"

"आज."

"आम्हाला मार्चमध्ये कळलं. अशा चारशे बारा नगरपालिका आहेत. हिंदीतही शब्द तोच आहे ना."

सारिका खुर्चीत नीट बसली. "मग कोणी काही बोललं का नाही? दीड किलो बघून एकालाही शंका आली नाही?"

"कमी आकड्याला कोणी प्रश्न विचारत नाही, मॅडम. देशाचं पहिलं उद्दिष्ट वेळेआधी पूर्ण झालं ते या चारशे बारांवर. आता ते खोटं होतं म्हणायचं तर रोखे पडणार, परदेशात नाक जाणार. त्यापेक्षा धूरच कमी करून आकड्याच्या जवळ नेला, की चूक आपोआप मिटते."

"म्हणजे आम्ही दिवसातून जेवढ्यांदा परसाकडे गेलो, तेवढ्यात आता संसार करायचा."

"तुम्ही फार थेट बोलता."

"आणि भट्ट्या बंद करून काय मिळणार? भट्टीत भाताचं तूस जळतं. तूस ताजा धूर. तुमचं नाकाड तो मोजतच नाही. नऊच्या नऊ बंद केल्या तरी तुमचा आकडा तिळभर हलायचा नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "तो मुद्दा बरोबर आहे," नाडगौडा नाइलाजानं म्हणाले. "तुम्ही चूक झाली असा अर्ज करा. सुनावणी लागेल. मग प्रत्येक चिमणीची वेगळी तपासणी होईल. ज्या भट्टीत फक्त तूस, ती सुटेल."

सारिकाला इतका आनंद झाला की ती दाखल्याच्या रांगेला तसंच उभं ठेवून थेट भट्टीवर गेली.

विमलआक्का कढईपुढं उभी होती. त्रेसष्ट वर्षांची, ताठ, कपाळाला घामात भिजलेलं कुंकू. तापलेल्या काळ्या वाळूत तिनं तांदूळ टाकला. तडतड करत तो फुलला आणि तिनं एका झटक्यात चाळणीवर ओढला. वाळू खाली, चुरमुरा वर. चाळीस वर्षं हाच झटका.

"एवढ्या दुपारी? सस्पेंड केलं का काय?"

सारिकानं उभ्या उभ्याच सगळी हकीकत सांगितली. उत्सर्जनाची गोष्ट ऐकून आक्का चाळणी खाली ठेवून हसली. डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "मी दोन सांगितलेलं. खोटं हुतं. लाजंनं सांगितलं."

"आता ऐक. सुनावणीत मी खरं सांगणार. मग मुंबईची माणसं येऊन चिमणी तपासतील, तूस आहे म्हणून लिहून देतील, संपलं. दिवाळीचा माल निघतोय तुझा."

आक्काचं हसू थांबलं. तिनं पुन्हा चाळणी उचलली, पण तांदूळ टाकला नाही.

"चिमणी कशाला तपासायची? तोंडानं सांगितलेलं चालत न्हाई व्हय?"

"आक्का."

"पावसाळ्यात तूस सर्द हुतं. पेटत न्हाई. मिरजेच्या कारखान्यातनं चपलांचे तळ येत्यात, रबराचे. दोन पाट्या टाकल्या की जाळ धरतो." ती सारिकाकडे न बघता बोलत होती. "सगळीच टाकत असतील."

"बाकीच्यांनी तूस वाळवायला शेड बांधल्या. तुलाही म्हटलं होतं."

"म्हटलं हुतंस."

हे कृत्रिम रबर म्हणजे खनिज तेल. कोट्यवधी वर्षांचा जुना धूर. सारिका पोत्यावर बसली.

"मग महिनाभर नुसतं तूस जाळ," ती म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तिला कसंतरी झालं. "पण ते काजळी खरवडतात. धूर आजचा असतो, काजळी पाच वर्षांची."

"त्यापेक्षा तू सही कर की." आक्काचा आवाज खाली आला. "हूं दे सगळ्याच बंद. सगळ्यांबरुबर माझी बंद झाली तर सरकारनं केली म्हणीन. माझी एकटीची पडली तर ह्या गल्लीतनं चालू कशी मी?"

"आणि बाकीच्या आठ घरांनी काय खायचं? त्यांनी काही केलं नसताना?"

"लोकांच्या मागं शिट्टी घेऊन फिरायची सवय तुझी," आक्का म्हणाली. "आता माझ्या मागं आलीस."

हे लागलं. कारण त्या शिट्टीपायी सासरी रान उठलं होतं. नव्या सुनेनं पहाटे गड्यांना उठवत हिंडायचं म्हणजे काय, म्हणून सासऱ्यांनी तिची चप्पल लपवून ठेवली होती. तेव्हा याच आक्कानं स्वतःची चप्पल काढून तिच्यापुढं टाकली होती आणि बापाला सांगितलं होतं, 'ती कामाला जातीय. बसणारे लाजू देत.' सारिका ती दोन नंबर मोठी चप्पल घालून वर्षभर ओढ्यावर गेली होती.

ती निघाली. आक्कानंही थांब म्हटलं नाही.

मंगळवारी तिनं सहीचा कागद काढला आणि परत आत ठेवला. बुधवारी पुन्हा काढला. सही करणं किती सोपं होतं. कोणी तिला बोल लावला नसता, बापूसाहेबांनी चहा पाजला असता, आक्का बोलायला लागली असती. आठ घरं मात्र एका शब्दापायी उठली असती, तिनंच विचारलेल्या. गुरुवारी सकाळी तिनं चूक कळवायचा अर्ज उघडला.

'चुकीचे कारण थोडक्यात लिहा.' तिनं लिहिलं: 'लोकांनी दिवसातून किती वेळा हागायला जातात ते सांगितलं.' पडद्यावर लाल पट्टी आली: अशोभनीय शब्द. तिनं 'शौचास' लिहिलं. पट्टी म्हणाली, हा विषय स्वच्छता विभागाचा आहे, कृपया तिकडे अर्ज करा. हवासखीनं अदबीनं पर्याय सुचवला, तो सारिकानं हताश होऊन दाबला, आणि वाक्य तयार झालं: 'प्रश्न उत्सर्जनाचा होता, परंतु लोकांनी उत्तर उत्सर्जनाचे दिले.' पाच सेकंदांनी निकाल आला. 'प्रश्न व उत्तर जुळत आहेत. चूक आढळली नाही. आपला दिवस शुभ असो.'

सारिका उठून बाहेरच्या नळावर गेली, तोंडावर पाणी मारलं आणि नाडगौडांना फोन लावला. "तुमचं यंत्र मला बोलू देत नाही. माणसांपुढं उभं करा."

शुक्रवारी अकरा वाजता सुनावणीच्या पडद्यावर सात चेहरे होते. सारिकानं प्रस्तावना केली नाही. पाहणीचे अर्ज हातात धरले आणि शेऱ्यांचा रकाना वाचायला लागली. बद्धकोष्ठ, दिवसाआड. चहानंतर लगेच. यात्रेच्या आठवड्यात चार-पाच. सूनबाई सांगत नाहीत. आवाज तिनं मुद्दाम सपाट ठेवला होता, टिप्पणी वाचतात तसा. आठव्या शेऱ्याला खालच्या रांगेतल्या एका साहेबानं कॅमेरा बंद केला. त्यांच्या राज्यात अशा एकशे सोळा नगरपालिका होत्या, हे नंतर कळलं. चौदाव्याला अध्यक्षबाई म्हणाल्या, "पुरे."

"अजून तीन हजार आहेत, मॅडम."

"समजलं आम्हाला."

"समजलं ते लिहून द्या," सारिका म्हणाली. "हागण्याचा आकडा धुराचा म्हणून धरला होता, आणि भट्ट्यांचा त्याच्याशी संबंध नाही, असं."

त्यांनी तेवढं स्पष्ट लिहिलं नाही. 'पायाभूत आकड्याचे पुनरावलोकन' असं लिहिलं, त्यासाठी समिती नेमली, समितीसाठी उपसमिती नेमली. पण सरसकट बंदी टळली. चिमण्या तपासून, ज्या स्वच्छ निघतील त्या चालू.

तपासायला मिरजेच्या शबाना मुजावर आल्या, खांद्याला डबा, हातात लांब नळी आणि खरवडणी. आठ भट्ट्या नुसत्या तुसाच्या निघाल्या. नवव्या चिमणीतली काजळी त्यांनी डब्यात घातली, आकडा पाहिला, पुन्हा घातली. अठ्ठावीस टक्के जुना कार्बन. त्यांनी सारिकाकडे पाहिलं. गावात येताना नातं त्यांना कोणीतरी सांगितलं असावं.

"साठ दिवस बंद. आणि चिमणी पाडून नवी. नोटीस स्थानिक अधिकाऱ्यानं लावायची असते, बाई."

"माहीत आहे," सारिका म्हणाली. "स्थानिक अधिकारी मीच."

आक्का त्या वेळी आत होती. शबानाबाई गेल्या. गल्लीतल्या दोन दारांतून डोकावलेली तोंडं आत गेली. सारिकानं नोटीस दारावर धरली आणि सरकारी चिकटपट्टी ओढली. चाळीस वर्षांची काजळी आणि तेलकटपणा. पट्टी एका कोपऱ्याला धरायची, दुसऱ्याला सोडायची. तिसऱ्यांदा नोटीस खाली पडली तेव्हा सारिकाला रडू येईल असं वाटलं. नाकाडाचा, हवासखीचा, समितीचा, उपसमितीचा सगळा राग त्या चिकटपट्टीवर जमा झाला होता.

आतून भांड्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आक्का बाहेर आली. हातात पितळी, तीत गव्हाच्या पिठाची गरम खळ, वर वाफ. दुसऱ्या हातात ओलं फडकं. तिनं आधी दार पुसलं, खसाखसा, घरचं कार्य असल्यासारखं. मग दोन बोटांनी खळ फासली.

"धर वरनं," ती म्हणाली. "खाली पुसत ये. मधी हवा राहिली की फुगा येतो."

सारिकानं वरून धरलं. दोघींनी चार हातांनी नोटीस दाबून बसवली. पलीकडच्या भट्टीत तांदूळ तडतडायला लागला होता. आक्का तो आवाज ऐकत क्षणभर उभी राहिली, मग पदरानं बोटं पुसली.

"दिवाळी गेली माझी."

"गेली, आक्का."

"तू खरं बोललीस त्याचं मला काय न्हाई. पण मला राग आलाय, आन् तो ऱ्हानार."

"राहू दे."

आक्कानं पितळी उचलली. पायरीवर जाऊन थांबली.

"उद्या चिमणी पाडायला माणसं येनार हायत. सकाळी तू इकडं येऊ नको."

"का?"

"काजळी उडती," आक्का म्हणाली. "हापिसला जायचं असतंय तुला."